भोयर ड्रायव्हरची अर्धी ट्रिप

आर्वीच्या एसटी स्टँडवर लाउडस्पीकरमधून जो आवाज येतो, जरा घोगरा, गावांची नावं लांबवत नेणारा, तो गजेंद्र भोयरचा. 'खरांगणा, आंजी मार्गे वर्धा' एवढंच तो म्हणतो, पण असं म्हणतो की ज्याचं वर्ध्याला काही काम नाही त्यालाही वाटावं, चला, जाऊन यावं. खरं तर ही जागा त्याची नव्हे. त्याचा जन्म स्टेअरिंगवर गेला. चौकशीच्या खिडकीत तो आला डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि आल्यापासून दुसऱ्यांच्या गाड्या रवाना करतो आहे. गाडी फाटकाबाहेर वळली की हा माइक बंद करतो, डोळे मिटतो आणि मनातल्या मनात तिच्याबरोबर निघतो. कुठे खड्डा चुकवायचा, कुठल्या झाडाखाली शाळेची पोरं हात दाखवतात, कुठे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायची, सगळं पाठ. अशात कोणी खिडकीवर टकटक करून 'पुलगाव लागली का' असं विचारलं, तर त्याला स्टँडवर परत यायला थोडा वेळ लागतो. लोक समजतात, भोयरला ऐकू कमी येतं.

पण ही मनातली गाडीसुद्धा खरांगणा सोडलं की पुढच्या एका वळणावर थांबते. काही केल्या पुढे जात नाही.

झालं होतं ते असं. कापूस वेचणीचे दिवस, संध्याकाळची वर्ध्याची गाडी, आणि गाडी इतकी भरलेली की कंडक्टरला मागून पुढे यायला दोन गावं लागावीत. खरांगणा सोडलं आणि भोयरच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आधी रस्त्याच्या कडा गेल्या, मग मधली पांढरी रेघ गेली. त्याने गाडी डावीकडे घेतली, एका बाभळीखाली उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मग स्टेअरिंगवर डोकं टेकलं. कोणाला साधं खरचटलंही नाही. मागून आलेल्या गाडीत माणसं दाटीवाटीने चढली आणि गेली. भोयरला एका जीपवाल्याने दवाखान्यात पोचवलं. तिथे साखर निघाली, बीपी निघालं, आणि गाडी कायमची सुटली.

एसटीच्या भाषेत ट्रिप हा फार मानाचा शब्द आहे, हे इथे सांगून ठेवतो. ट्रिप मारणं म्हणजे इथून गाडी काढून तिथे सुखरूप पोचवणं. ड्रायव्हर घरी आला की त्याची बायको 'जेवता का' याच्याही आधी 'झाल्या का ट्रिपा' असं विचारते. ट्रिप एक तर मारली जाते, नाही तर कॅन्सल होते. अर्धी ट्रिप असला प्रकार एसटीत कधी नव्हता, तो भोयरच्या नावावर जमा झाला. डेपोतल्या मंडळींनी लगेच बारसंही उरकलं. 'अर्धी ट्रिप आली का रे कामावर?' 'अर्धी ट्रिप, चहा घेतं का?' त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तिथे नावाशिवाय कोणीच सुटत नाही, एका बिचाऱ्याला तर सगळे 'रिव्हर्स' म्हणतात. भोयरही हसायचा. पण त्या दिवसापासून तो आंजीच्या रस्त्याने म्हणून गेला नाही.

त्याची मुलगी प्रेरणा वर्ध्याला दिलेली. तिच्याकडे जायचं तर हा पुलगावकडून फिरून जाई. त्याची बायको रीता आंजीमार्गे थेट जायची, आणि लेकीच्या घरी तिचा चहा होऊन, पोळ्या लाटून झाल्या की मग आमचे हे साहेब घाम पुसत दारात उभे. तिने काही दिवस कारण विचारून पाहिलं. तो म्हणायचा, पुलगावला काम होतं. पुलगावला कोणाचं इतकं काम असतं? पण ती शहाणी बाई, तिने विचारणं सोडून दिलं.

आता या गोष्टीत एक कॉम्प्युटर येतो. तो आला धीरजकडून. धीरज हा भोयरचा भाचा. पुण्याला नोकरी लागली तेव्हा त्याने आपल्या जुन्या कॉम्प्युटरचे सगळे सुटे भाग एका खोक्यात भरून मामाजींच्या माळ्यावर टाकले आणि गेला. दिवाळीला आला तेव्हा त्याने मोबाइलवर एक गेम दाखवला. गेममध्ये बस चालवायची. हौशी लोकांनी त्यात आपली लालपरीसुद्धा तयार करून टाकली होती, तोच लाल रंग, तीच खिडक्यांची खडखड. भोयरने मोबाइल हातात धरला आणि त्याचा डावा पाय आपोआप फरशीवर क्लच शोधायला लागला.

धीरज म्हणाला, मोबाइलवर यात काही मजा नाही मामाजी, माळ्यावरचं खोकं काढा आणि कॉम्प्युटर जोडून टाका. सगळं सामान चांगलं आहे, फक्त एसएमपीएस गेलेला आहे. एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, एक लोखंडी डबा. भिंतीतली वीज आत घ्यायची आणि कॉम्प्युटरच्या एकेका भागाला त्याला झेपेल तेवढी वाटून द्यायची, हे त्याचं काम. तो तेवढा नवा घ्या, साडेसहाशे वॅटचा घ्या, कारण यातलं ग्राफिक्स कार्ड फार खादाड आहे. एवढं सांगून धीरज पुण्याला निघून गेला.

त्या दिवसापासून भोयर हवेत. मनात काय आहे हे त्याने कोणालाच सांगितलं नाही, रीतालाही नाही, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्याला ती अर्धी ट्रिप पुरी करायची होती. खऱ्या रस्त्यावर आता कोणी त्याच्या हाती गाडी देणार नव्हतं. मग खोट्या रस्त्यावर का होईना, एकदा ते वळण ओलांडायचं, गाडी वर्ध्याच्या स्टँडला लावायची, आणि मग बघू कोण अर्धी ट्रिप म्हणतं ते.

सुटीच्या सकाळी तो अंगणात उन्हात सतरंजी पसरायचा आणि मोबाइलवर कोणाचे तरी व्हिडिओ बघत एकेक भाग जोडायचा. थंडीचं कोवळं ऊन, समोर रीता तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, आणि हा प्रोसेसरला, तो तापू नये म्हणून, पांढरा मलम लावतोय, अगदी तान्ह्या मुलाच्या टाळूला तेल लावावं तसा. मधेच हात थांबायचा. नजर कुंपणाकडे, पण बघत असायचा तो खरांगण्याचा रस्ता. रीता म्हणायची, "चाललं का कुठं?" तो दचकून म्हणायचा, नाही नाही, इथंच आहे.

मग सप्लाय घ्यायची वेळ आली. बाजारात रुपेशचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. रुपेश पस्तिशीचा, हुशार माणूस, पण एका कानाला फोन, दोन्ही हात कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये आणि उरलेल्या तोंडाने गिऱ्हाईक, असा त्याचा कारभार. त्याने काउंटरवर तीन डबे मांडले. एक चमकदार, हाताला हलका, त्यावर वॅटचा आकडा भलामोठा छापलेला. दुसरा काळा, जड, साडेचारशेचा. तिसरा त्याच जातीचा, साडेसहाशेचा, आणि बराच महाग. कार्ड कोणतं आहे ते ऐकून रुपेशने साडेसहाशेवर बोट ठेवलं.

इथे भोयरमधला ड्रायव्हर जागा झाला. गाडीवर पाटी असते चव्वेचाळीस आसनांची. बाजाराच्या दिवशी ती किती माणसं नेते? दुप्पट नेते. गाठोडी वेगळी, कोंबड्या वेगळ्या. पाटीवरचा आकडा हा सरकारच्या समाधानासाठी असतो, गाडी आपली ओढतच असते. तेव्हा साडेचारशेचा डबा सहाशे ओढणार नाही, हे त्याला पटेना. त्याने रुपेशला हे सगळं समजावून सांगितलं. रुपेश फोनवरच्या माणसाला हो हो म्हणाला, आणि ते भोयरने आपल्यासाठी धरलं. मग त्याने खरा प्रश्न विचारला. साडेचारशेचा काळा डबा हातात घेऊन, आवाज जरा खाली आणून.

"मले एक सांग. लोड लय झाला तं हा काय करते?"

"लोड झाला का हा ट्रिप मारते, काका."

भोयरच्या अंगावर काटा आला. लोड झाला तरी ट्रिप मारतो. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट एसटीत कोणाला मिळालेलं नाही. खात्री करावी म्हणून त्याने चमकदार डब्याकडे बोट दाखवलं.

"आन् हा?"

"हा? हा कुठची ट्रिप मारते. याच्या भरवशावर राहू नका."

त्या चमकदार डब्याकडे भोयरने मग अशा नजरेने पाहिलं की तो डबा ड्रायव्हर असता तर त्याने राजीनामाच दिला असता. आता कोणी म्हणेल, एवढ्या वयाच्या माणसाला विजेच्या ट्रिपची कल्पना नसावी? नव्हती बुवा. त्याच्या घरी अजून जुनी फ्यूजची तार आहे. ती 'उडते'. मोहल्ल्यातली विजेची डीपीही 'उडते'. ट्रिप मारतो तो फक्त माणूस, आणि तोही खाकी कपड्यातला. साडेचारशेचा काळा डबा पिशवीत घालून तो घरी आला तेव्हा वाटेत तीन ओळखीच्यांनी नमस्कार केला आणि एकाचाही त्याला पत्ता नव्हता.

दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला. आतले पंखे फिरले, पडदा उजळला, आणि मग ती आली, लाल, धुतलेली, नंबरप्लेटसकट. गेममध्ये आर्वीचा रस्ता काही नव्हता. कोणातरी दूरच्या माणसाने कुठलातरी रस्ता रेखून ठेवला होता, पण त्यावरही दोन्ही बाजूंना पांढरी कापसाची शेतं होती, एक देऊळ होतं, आणि ऊन कलतं होतं. भोयरला तेवढं पुरलं. पहिलं गाव लागलं, त्याला त्याने आपल्याच मनाने नाव दिलं. दुसऱ्यालाही दिलं. नाव देताना तो ते मोठ्याने म्हणत होता, स्टँडवर म्हणतो तसं लांबवत. रीता शेंगांची परात घेऊन मागे येऊन बसली होती. तिला गेममधलं काही कळत नव्हतं, पण वळण आलं की तीही थोडी कलत होती. रस्ता धावत येत होता, झाडं मागे जात होती, आणि भोयरच्या चेहऱ्यावर ते जुनं काहीतरी आलं होतं जे लग्नानंतर ती पहिल्यांदा त्याच्या गाडीत बसली तेव्हा तिने पाहिलं होतं. तिला फार बरं वाटलं.

पुढे एक मोठं गाव आलं. आठवडी बाजार भरलेला, माणसंच माणसं, गेममध्ये संध्याकाळ झालेली, दुकानांचे दिवे लागलेले. "खरांगणाऽ," भोयर म्हणाला. गाडीत माणसं चढली. कॉम्प्युटरच्या आतला पंखा घोंघावू लागला. गाव सुटलं, वळण दिसू लागलं, भोयरने श्वास धरला, आणि सगळं काळं झालं.

धूर नाही, आवाज नाही. पडदा गेला, पंखे थांबले, संपलं.

रीताने वर पाहिलं. खोलीतला ट्यूबलाइट जळत होता. म्हणजे लाईन गेलेली नव्हती. भोयरने सगळ्या वायरी दाबून पाहिल्या. मागचा खटका बंद करून, थोडं थांबून परत चालू केला तर कॉम्प्युटर काहीच न झाल्यासारखा सुरू झाला. त्याने पुन्हा पहिल्यापासून गाडी काढली. पुन्हा बाजार, पुन्हा दिवे, पुन्हा अंधार. आणखी एकदा तसंच. मग त्याने हात मांडीवर ठेवले आणि तो काळ्या पडद्यासमोर तसाच बसून राहिला. रीताने हळूच विचारलं, काय बिघडलं? त्यावर तो जे बोलला ते ऐकून तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"माह्या हाती आलं का अर्धंच राह्यते."

तेव्हा कुठे तिला पुलगावच्या फेऱ्यांचा उलगडा झाला. ती परत शेंगा सोलायला लागली. कधीकधी बोलून माणूस आणखी आत जातो, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भोयर डबा घेऊन रुपेशच्या दुकानात. रागाने नव्हे, फसवलं गेलेल्या माणसाच्या दुःखाने. तू म्हणाला होतास ट्रिप मारतो म्हणून मी नेला, असं त्याने सांगितलं. रुपेशने फोन खाली ठेवला, हे विशेष.

"मंग? मारली नाई का?"

"कुठं मारली? मधातच बंद पडला."

"अजी काका, त्यालेच तं ट्रिप मारनं म्हनतात."

रुपेशला आधी हसू आलं, मग समोरचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं. काउंटरखाली वाकून त्याने एक जळका डबा काढला, तसलाच चमकदार, एका बाजूने काळा पडलेला. त्याच्याबरोबर एक मदरबोर्ड होता, त्यावर करपल्याचा डाग. कोणीतरी दुरुस्तीला आणून टाकला होता आणि पुन्हा न्यायला आला नव्हता. अजून त्याला जळका वास होता.

"हा पाहा. यानं ट्रिप नाई मारली. झेपत नव्हतं तरी देतच राह्यला. सोता जळला, बोर्ड जाळला, कार्ड जाळलं. तुमचं काय जळलं?"

भोयर म्हणाला, "काईच नाई."

"मंग तुमच्यावाल्यानं काम केलं ना आपलं. त्याले कळलं का आता आपल्याच्यानं होत नाई, तं सगळं जळाच्या आंधी तो थांबला. खराब नाई तो, काका. याच्याचसाठी तं पैसे घेतो आमी."

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते माउसच्या किमती विचारत होतं. रस्त्यावरून कापसाची गाडी चालली होती. भोयर त्या जळक्या बोर्डावरून बोट फिरवत उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे एक बाई आली, त्या संध्याकाळी त्याच्या मागच्या सीटवर बसलेली, मांडीवर झोपलेलं पोर. ती त्याला इतक्या दिवसांत कधी आठवली नव्हती. आठवायचं ते फक्त आपलं डोकं, स्टेअरिंगवर टेकलेलं. त्याला तिथे उभ्या उभ्या भडभडून आलं, आणि रुपेशला वाटलं की काका पैशाचं मनाला लावून घेताहेत. तो घाईने म्हणाला, परत घेतो मी, दुसरा कोणता पाहिजे तो न्या.

"मोठा दे," भोयर म्हणाला. "पन ट्रिप मारनाराच दे."

संध्याकाळी रीताला त्याने ही शब्दाची गंमत सांगितली. सांगताना स्वतःही हसला. ती पोट धरून हसली. साडेसहाशेचा डबा त्याने बसवला, कॉम्प्युटर व्यवस्थित सुरू झाला, पण गेम काही त्याने लावला नाही. पडद्यावरचं ते रिकामं निळं चित्र बघता बघता तो म्हणाला, रविवारी प्रेरणाकडे जायचं ना तुला, मीही येतो.

रविवारी रीता सवयीने स्टँडवर आंजीच्या गाडीत चढली आणि खिडकीशी बसली. तिला वाटलं, हा पुलगावच्या फलाटाकडे जाईल. तो तिच्यामागोमाग चढला आणि शेजारी येऊन बसला. तिने पिशवी मांडीवर घेऊन त्याला जागा करून दिली. माइकवर आज दुसरंच कोणी होतं, गावांची नावं भराभर उरकून टाकत.

गाडी निघाली. तुरीची शेतं पिवळी झाली होती. ऊन खिडकीतून येऊन रीताच्या पदरावर पडत होतं आणि झाडं आली की जात होतं. भोयर अर्धा जागा, अर्धा कुठेतरी, समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसला होता. ड्रायव्हर गिअर बदलायचा त्याच्या किंचित आधी याचा पाय हलायचा. खरांगणा आलं. माणसं उतरली, चढली, कंडक्टरने घंटी दिली. वळण जवळ येऊ लागलं तशी त्याची बोटं दांड्यावर पांढरी पडली, आणि मग ते वळण आलंही आणि ती बाभूळ दिसली, साधी, रस्त्याकडेची, तिच्याखाली एक बकरी बांधलेली. गाडी काही थांबली नाही. तिला थांबायचं कारणच नव्हतं.

"रीता," तो म्हणाला, "इथं म्या ट्रिप मारलती."

इंजिनाच्या आवाजातही तिला ते नीट ऐकू आलं. तिने मागे वळून बाभळीकडे पाहिलं, दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग त्याच्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "त्या दिवशी सगळे आपापल्या घरी गेलते. तुमीच तेवढे इथं राह्यलते."

त्याने दांडा सोडला. पुढे आंजी होतं, आणि त्यापुढे वर्धा.